आवाजावरून निदान

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण: लढा. ही कुणाला दाखवायची नाही. माझे मुद्दे मलाच वेळेवर सापडावेत म्हणून लिहून ठेवतोय.

मेडिकल कौन्सिलचं पत्रक आलं. डॉक्टरनं पेशंटला फोनवरून सल्ला कसा द्यावा, याची नियमावली. चौतीस पानं. मी चौतीस वर्षं फोनवरून सल्ला देतोय, म्हणजे वर्षाला एक पान पडलं.

कॉल सुरू होताच डॉक्टरनं आपलं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर सांगायचा. पेशंटचं नाव, वय विचारून ओळख पटवायची. शंका असेल तर व्हिडिओ कॉल किंवा प्रत्यक्ष तपासणी. प्रत्येक कॉलची नोंद. आणि सगळ्यात कहर म्हणजे नियम चौथा: पेशंटनं सांगितलेली तक्रार त्याला परत बोलून दाखवायची आणि तो हो म्हणाला की मगच पुढे जायचं. याला मी पोपट नियम असं नाव दिलं. त्यात भर म्हणून एक ऑनलाइन कोर्स, शेवटी परीक्षा. मुदत पंधरा एप्रिल.

संकल्प: कोर्स करणार नाही. नाव विचारणार नाही. पोपटपंची तर मुळीच नाही. माझे पेशंट मला आवाजावरून ओळखू येतात. कान तिखट आहेत माझे.

५ मार्च, बुधवार
दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला नियमावली दाखवली. एकोणीस वर्षं आहे माझ्याकडे. काही विसरत नाही म्हणून मी तिला रजिस्टर म्हणतो. तिनं तासाभरात चौतीस पानं वाचून काढली आणि म्हणाली की सर, चांगलं लिहिलंय. असंच काहीसं म्हणाली असावी. हल्ली फार पुटपुटते. तिला दोनदा टोकलं, की बोलायचं तर मोकळं बोल. तेव्हापासून महत्त्वाचं सगळं चिठ्ठीवर लिहून माझ्यासमोर ठेवते. शिस्त म्हणून मला हे आवडलं.

टेलरमास्तर येऊन गेले. माझा पहिला पेशंट. चौतीस वर्षांपूर्वी दवाखान्याचे पडदे त्यांनीच शिवले आणि बिलाऐवजी खोकला तपासून घेतला. त्यांच्या मते असला डॉक्टर गावात झाला नाही. फोनवर नुसतं हॅलो ऐकून मी त्यांना सांगतो, मास्तर, पित्त वाढलंय. आणि वाढलेलं असतंच.

८ मार्च, शनिवार
नवा फोन घेतला. सहा महिन्यांतला तिसरा. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. कंपन्या पैसे घेतात आणि आवाज काढून टाकतात.

एका बाईंचा फोन. म्हणाल्या, घरात सगळ्यांना गर्दी झालीय. आता हे कसलं वाक्य? गर्दी घरात होते, घरातल्यांना होत नाही. भाषा पार बिघडली आहे. तरी शांतपणे सांगितलं की पाहुण्यांना एकेक करून वाटेला लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. बाईंनी लगेच फोन ठेवला. पटलं असणार.

११ मार्च, मंगळवार
लढ्याची पहिली सभा, माझ्याच दवाखान्यात. बावीस डॉक्टरांना निरोप गेले होते. दोन आले. त्यांतले एक जनावरांचे डॉक्टर. त्यांना हा नियम लागूच नाही, पण म्हणाले, तत्त्व म्हणून आलो. त्यांच्या पेशंटची तक्रार परत बोलून दाखवायची झाली तर काय करायचं, यावर बराच वेळ चर्चा झाली. दुसरे डॉक्टर हसत हसत मध्येच उठून गेले. त्यांनी कोर्स केल्याचं नंतर कळलं. फितूर.

ठराव एकमतानं मंजूर.

१४ मार्च, शुक्रवार
शत्रूची तयारी पाहावी म्हणून कोर्स उघडला. करायला नाही, फक्त बघायला. सहा व्हिडिओ, प्रत्येकात एक बाई अत्यंत हळू आवाजात काहीतरी सांगते. लॅपटॉपचा आवाज शंभरावर नेला. वरच्या मजल्यावरून माणूस खाली आला आणि दारात उभं राहून हातवारे करू लागला. मी त्यालाही नियमावली समजावून सांगितली.

परीक्षा सहज देऊन पाहिली. वीसपैकी चार. प्रश्नच मुळात चुकीचे होते. वीसपैकी चार हा माझ्या निषेधाचा आकडा समजावा.

१७ मार्च, सोमवार
आठवड्यापूर्वी एका गृहस्थांनी फोनवर मान दुखतेय म्हणून सांगितलं होतं. मी मानेचे चार व्यायाम दिले. आज ते प्रत्यक्ष आले. कानात कापूस, चेहरा सुजलेला. मान कशी आहे विचारलं. त्यांनी मान चारी दिशांना फिरवून दाखवली. एकदम झकास. फोनवरच्या उपचारांना यश येत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं. कानाचं वेगळं बघू म्हटलं. ते वैतागून काहीतरी बोलले आणि थेट समोर गेले.

समोर म्हणजे समोरचा. रस्त्यापलीकडचा तरुण डॉक्टर. मी त्याचं नाव घेत नाही. त्यानं दारावर नवी पाटी लावलीय: नियमानुसार ऑनलाइन सल्ला मिळेल. कॉल आला की पोरगा स्क्रीनसमोर हात जोडून स्वतःचं नाव, नंबर सगळं सांगतो, पेशंट जे बोलेल ते परत बोलून दाखवतो. खिडकीतून दिसतं मला. डॉक्टर आहे की उपाहारगृहातला वेटर, कळत नाही.

२० मार्च, गुरुवार
स्टेथोस्कोप बदलला. आधीच्यातून छाती नीट वाजत नव्हती. हल्ली कशातच दर्जा राहिलेला नाही.

घरच्या दारावरची बेलही बिघडलीय. ही पंधरा मिनिटं बाहेर उभी होती म्हणे. नंतर मागच्या दारानं आत आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बेल दाबली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाबली, हिच्याकडे पाहिलं आणि काही न करता निघून गेला. कामाची लाज नाही.

२४ मार्च, सोमवार
जेवताना ही म्हणाली, अहो, एकदा मान दाखवून या. मी म्हटलं, माझ्या मानेला काय झालंय? ताठ आहे. लढ्यात मान ताठच लागते. ती पुन्हा तेच म्हणाली, जरा जोरात. मीही जोरात सांगितलं, की व्यायाम मलाच येतात, मीच लोकांना शिकवतो. ताट उचलून आत गेली. संसारात इतकी वर्षं झाली तरी बायकांना माणसाची काळजी कुठे करावी ते कळत नाही.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी ९.१०
मास्तरांचा फोन. हॅलोवरूनच ओळखलं. म्हणाले, सकाळपासून पाठीत दुखतंय. पुढेही काहीतरी सांगत होते, पण मला तेवढ्यात निदान झालं होतं. चाळीस वर्षं मशीनवर वाकून बसलेला माणूस, पाठ दुखणार नाही तर काय? गरम पाण्याच्या पिशवीनं शेका, पालथं पडून राहा, नेहमीची गोळी घ्या. बावीस सेकंद. नाव विचारलं नाही, नंबर सांगितला नाही, पोपट झालो नाही. समोरच्याला एवढ्या वेळात फक्त नमस्कार करून होतो.

रजिस्टर काहीतरी म्हणत आत आली होती. हातानंच थांबवलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मास्तर हॉस्पिटलमध्ये आहेत. हार्ट अटॅक.

रजिस्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं. सुनेनं त्यांना शेकताना पाहिलं, घामानं निथळत होते. तिनं समोरच्याला व्हिडिओ कॉल केला. त्यानं चेहरा पाहिला आणि सांगितलं, बोलत बसू नका, गाडी काढा. अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं.

चहा प्रिस्क्रिप्शन पॅडवर सांडला. मास्तरांशिवाय या दवाखान्याची मला कल्पनाच करता येत नाही.

नंतर शांतपणे विचार केला. त्यांनी पाठ सांगितली. मी पाठीचा उपचार केला. हृदयानं ऐन वेळी मध्ये उडी घेतली, त्याला मी काय करणार?

२९ मार्च, शनिवार
हॉस्पिटलमध्ये गेलो. सून दारातच उभी. आत सोडलं नाही. म्हणाली, डॉक्टर, तुम्ही त्यांना शेकायला सांगितलंत. हे स्वच्छ ऐकू आलं, कारण ती ओरडलीच. मी म्हटलं, मास्तरांनी पाठ सांगितली. ती वळून आत गेली.

पोरीच्या सासऱ्यांच्या जिवावर बेतलं होतं, समजू शकतो. पण सत्य ते सत्य.

३ एप्रिल, गुरुवार
कौन्सिलची नोटीस. सुनेची तक्रार आहे. पेशंटनं छातीत दुखत असल्याचं सांगूनही डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं, असं लिहिलंय. धादांत खोटं. मी मास्तरांचा शब्द न् शब्द ऐकला. म्हणजे कामाचे सगळे.

खाली एक पळवाट दिलीय. दिलगिरी लिहून द्या, कोर्स पूर्ण करा, पुढे नियम पाळण्याची हमी द्या, प्रकरण इथंच मिटवू. ही म्हणाली, लिहून टाका. जनावरांचे डॉक्टरसुद्धा म्हणाले, लिहून टाका. मी उलट टपालानं कळवलं की मला पूर्ण सुनावणी हवी, आणि तीही रीतसर. माझी प्रॅक्टिस राहते की जाते, एकदाच ठरू दे. चौतीस वर्षांची इभ्रत दिलगिरीच्या दोन ओळींत गुंडाळून देणार नाही.

४ एप्रिल, शुक्रवार
रजिस्टरची चिठ्ठी: सर, माफ करा. नियम आल्यापासून मी दवाखान्याच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवलंय. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.

आधी संताप आला. माझ्याच दवाखान्यात शत्रूचा हेर. मग एकदम लख्ख प्रकाश पडला. पुरावा. मास्तरांचा आवाज, तारीख-वेळेसकट.

ताबडतोब ऐकलं. सकाळपासून पाठीत दुखतंय. स्वच्छ. पुन्हा ऐकलं. पाठीत. हेडफोन लावून अकरा वेळा ऐकलं. अकराही वेळा पाठीत. खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

रजिस्टरला ऐकवलं. विचारलं, काय म्हणतायत? ती म्हणाली, पाठीत. मी म्हटलं, तेच तर. ती जोरात म्हणाली, पाठीत, सर, पाठीत. मी म्हटलं, अगं पोरी, मला पटलंय, तू कौन्सिलला पटव. तिचे डोळे भरून आले. एकोणीस वर्षांची निष्ठा अशी वेळेला कळते.

हिला ऐकवलं नाही. पेशंटचं बोलणं घरच्यांना ऐकवायचं नाही, असं नियम एकविसात आहे. हा एक नियम मला मान्य आहे.

५ एप्रिल, शनिवार
टेबलावर रजिस्टरचं पाकीट होतं. रजेचा अर्ज असणार, दगदग झालीय तिला. न उघडताच वर मंजूर लिहून सही केली आणि तिच्या ट्रेमध्ये टाकलं. लढ्याच्या काळात माणसं जपावी लागतात. दुपारी पाहिलं तर बाई कामावर हजर. रजा देऊनही घेत नाही.

९ एप्रिल, बुधवार
अकरा पानी निवेदन पूर्ण. शीर्षक: डॉक्टरचा कान आणि सरकारी कागद. रेकॉर्डिंग सोबत जोडलं आणि कौन्सिलला पाठवलं. बटण दाबताना रजिस्टरनं माझा हात धरला. एवढी भावुक ती कधीच नव्हती. मी तिचा हात हळूच बाजूला केला आणि बटण दाबलं.

१५ एप्रिल, मंगळवार
मुदत संपली. कोर्सला नोंदणी केली नाही. शहरातला एकमेव डॉक्टर. दिवसभर छाती काढून बसलो. एकही फोन आला नाही. घाबरलेत.

१७ एप्रिल, गुरुवार. दुपारी
सुनावणी झाली. नीट लिहायला हवं.

व्हिडिओवरच होती. दूरच्या सल्ल्याला नियम लावणारे स्वतः दूर बसून न्याय करणार, हा विनोद त्यांच्या लक्षात आला नाही. तिघे जण, मध्ये अध्यक्षबाई. सुरुवातीलाच माझं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर विचारला. सांगितला नाही. दारावर पाटी आहे म्हटलं. शेजारी लॅपटॉप सांभाळणाऱ्या रजिस्टरनं हळूच सांगून टाकला.

मग माझी अकरा पानं वाचायला घेतली. सहाव्या पानावर थांबवलं. ठीक. म्हटलं, मग पुरावाच ऐका. रेकॉर्डिंग लावलं. मास्तरांचा आवाज खोलीभर. मी तिघांचे चेहरे बघत होतो. तिघेही खाली बघायला लागले. जिंकलो, असं वाटलं. खरंच वाटलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, डॉक्टर, पेशंट काय म्हणतायत? मी म्हटलं, पाठीत. त्या काहीतरी बोलल्या. मी म्हटलं, अगदी बरोबर, पाठीत. त्या पुन्हा बोलल्या, मी पुन्हा दुजोरा दिला. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला, त्यावर जाड पेनानं काहीतरी लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

छातीत.

मी रजिस्टरकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. तिला विचारलं, तू पाठीत म्हणालीस ना? तिनं मान हलवली. आडवी.

तिच्या ट्रेमध्ये ते पाकीट अजून होतं. वर माझं मंजूर, माझी सही. आत एकच ओळ: सर, मास्तर छातीत म्हणतायत, हात जोडून सांगते, हे कुठेही पाठवू नका.

निकाल: फोनवरची प्रॅक्टिस बंद. कानांची तपासणी करून रिपोर्ट सादर करावा, पुढचं त्यानंतर.

१८ एप्रिल, शुक्रवार
मास्तर घरी आलेत. गेलो. सुनेनं या वेळी दार उघडलं, बोलली नाही. मास्तर उशीला टेकून बसले होते, शर्ट अंगावर दोन मापं मोठा झालेला. स्वतःच शिवलेला असून.

विचारलं, मास्तर, त्या दिवशी काय म्हणाला होतात? त्यांचे ओठ हलले. मी पुढे वाकलो. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. माझा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला. ठेवून बसले. खाली ठोके चालू होते, ते मला हाताला लागत होते.

मला रडू आलं. दुसऱ्याच्या घरी, सुनेसमोर. चौतीस वर्षं या माणसानं माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि मी त्याला छाती दुखत असताना पालथं पाडून शेकायला लावलं. सुनेनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तिची माफी मागितली. ती काय म्हणाली ते कळलं नाही, परत विचारायचा धीर झाला नाही.

२१ एप्रिल, सोमवार
दोन दिवस नीट विचार केला. एक चूक झाली, मान्य. पण एका शब्दावरून माणसाला बहिरं ठरवायचं? छातीत आणि पाठीत यांत फरक तो किती. मास्तरांना त्या दिवशी धाप लागलेली होती, फोन नवा होता, रेकॉर्डिंग स्वस्तातलं. कौन्सिलनं घाईनं निर्णय घेतलाय.

तपासणी करून घेणार. निषेध नोंदवून करून घेणार. रिपोर्ट नॉर्मल आला की तो फ्रेम करून समोरच्याच्या पाटीसमोर लावणार आणि निवेदनाची दुसरी आवृत्ती काढणार. बावीस पानी.

हिला सांगितलं, शुक्रवारी कान दाखवायला जातोय. ती खुर्चीत बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मानेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
तपासणी झाली.

काचेची छोटी खोली. भिंतींना मऊ अस्तर. कानांवर मोठे हेडफोन, हातात एक बटण. काचेपलीकडे मशीनसमोर बसलेली टेक्निशियन, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं आधीच मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: आवाज ऐकू आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी. मी अंगठा दाखवला. फसवून दाबणार नव्हतो. जे काही करायचं ते प्रामाणिकपणे, मग रिपोर्टवर कुणाला बोट ठेवता येणार नाही.

पहिल्या काही मिनिटांत ठसठशीत आवाज आले. घूं, घूं. प्रत्येकाला दाबलं, एकही सोडला नाही. मनात म्हटलं, घ्या. मग आवाज थांबले. मधली सुटी असावी. पोरगी पलीकडे मशीनची बटणं फिरवत काहीतरी लिहीत होती, मधूनमधून माझ्याकडे बघत होती. मी हसून मान डोलावली. वेळ वाया घालवायचा नाही म्हणून बावीस पानांची सुरुवात मनातल्या मनात जुळवली. दोन परिच्छेद उत्तम झाले.

बऱ्याच वेळानं ती दार उघडून आत आली आणि माझे हेडफोन काढायला लागली. मी तिला थांबवलं. म्हटलं, असू दे, मी ताजातवाना आहे, उरलेली तपासणी आत्ताच उरकून टाकू.

ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. माझ्या पेशंटशी मी कधी बोललो नाही इतक्या सावकाश, एकेक शब्द वेगळा करत, तिनं सांगितलं, आणि तिच्या ओठांवरून मला ते सगळं कळलं. आजोबा, एवढा वेळ तीच चालू होती.